जास्वंदीवरचा कापूस आणि इतर गैरसमज

ग्रीलमध्ये कुंड्या मांडणाऱ्या नवख्या बागवानाकडे एक बाटली हमखास असते: कडुलिंबाच्या तेलाची. पान आक्रसलं, मार फवारा. माती पांढरी झाली, मार फवारा. पण कीड, कोळी आणि बुरशी ही तीन वेगळी बिऱ्हाडं आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

गैरसमज: मातीवर पांढरी बुरशी आली, म्हणजे झाड गेलं.
वस्तुस्थिती: ही बुरशी बहुतेक वेळा शेणखत, पालापाचोळा यांतला कुजका भाग खाते, जिवंत मुळांच्या वाटेला जात नाही. तिचं सांगणं एवढंच, की पाणी जास्त होतंय. त्याच ओलीत बारीक काळी चिलटं अंडी घालतात. पिवळ्या चिकट सापळ्यात उडणारी चिलटं अडकतात, मातीतल्या अळ्या मात्र तशाच राहतात. बोटाचं एक पेर मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी घाला.

गैरसमज: पानं भिजली की भुरी येते.
वस्तुस्थिती: गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांना ओलं पान लागतं, भुरीचं उलट आहे. पानावर पाणी साचलं तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. तिला हवी दमट, कोंडलेली हवा आणि सावली. म्हणून पहिला उपाय म्हणजे कुंड्यांत अंतर ठेवणं आणि दाट फांद्या विरळ करणं. दुधाचा फवाराही निव्वळ ऐकीव नाही. ब्राझीलमधल्या एका हरितगृहात झुकिनीच्या वेलांवर गाईचं ताजं दूध पाण्यात मिसळून फवारलं, तेव्हा भुरी आटोक्यात राहिली. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पण तो भुरीपुरताच, प्रत्येक बुरशीवरचा उतारा नव्हे.

गैरसमज: कीटकनाशक कोणतंही चालतं.
वस्तुस्थिती: एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात पानांवर फिकट ठिपके आणि बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नाहीच. माव्यावर चालणारं इमिडाक्लोप्रिड त्याला मारत नाही. उलट ते वापरल्यावर कोळी वाढल्याची उदाहरणं आहेत. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. ठिपके चालू लागले, की निदान पक्कं. पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा धुवा. कडक उन्हाळ्यात त्याची पिढी आठवडाभरात तयार होते.

गैरसमज: कडुलिंबाचं तेल एकदा मारलं की काम झालं, जास्त घातलं की लवकर झालं.
वस्तुस्थिती: कडुलिंबातलं अझाडिरॅक्टिन सहसा किडीला जागच्या जागी मारत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं. उन्हात ते लवकर निकामी होतं आणि बरीचशी अंडी वाचतात. म्हणून लिटरभर पाण्यात ५ मिली तेल आणि थोडा सौम्य साबण घ्या, ऊन उतरल्यावर फवारा आणि आठवड्यानं पुन्हा फवारा. प्रमाण वाढवलं तर पानंच करपतात. कपड्यांची पावडर तर नकोच.

गैरसमज: जास्वंदीवर पांढरं दिसेल ते सगळं चिरडायचं.
वस्तुस्थिती: बहुधा तो पिठ्या ढेकूणच असतो. त्याचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात. मुंग्यांची रांग तोडली नाही, तर फवारा अर्धाच लागू पडतो. पण त्या कापसात एखादा तुकडा बराच मोठा, झुबकेदार आणि भराभर चालणारा दिसला, तर हात आवरा. ती क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी असू शकते. १८९८ मध्ये परदेशातून भारतात आणलेला हा ऑस्ट्रेलियन भुंगेरा मुख्यतः पिठ्या ढेकणावर जगतो. द्राक्षबागायतदार तो पैसे मोजून विकत आणतात आणि वेलींवर सोडतात. तुमच्या जास्वंदीवर तो फुकटात आलाय.