एक पेटी, अनेक धनी

कोलकाता बंदर समुद्रकाठी नाही. समुद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, हुगळीच्या तीरी ते वसले आहे. नदीतील गाळामुळे फार मोठी जहाजे तेथवर येऊ शकत नाहीत. म्हणून तेथील पुष्कळसा माल लहान जहाजांनी कोलंबो अथवा सिंगापूर येथे जातो व तेथे मोठ्या जहाजावर चढतो.

पूर्वी चहाच्या पेट्या व तागाचे गठ्ठे हमालांच्या हातांनी आणि यारीच्या जाळ्यांतून जहाजाच्या पोटात उतरत. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. माल पेटीसकट उचलण्याची ही रीत पुढे जगभर पसरली. तिने वेळ वाचविला, चोरी कमी केली. गोदीतील असंख्य हातांचे कामही तिनेच हिरावले.

वीस फुटी कंटेनरात सुमारे ३३ घनमीटर जागा असते. ज्याच्यापाशी चामडी पिशव्यांची पाचच खोकी आहेत, त्याने तो कसा भरावा? अशांचा माल गोदामात जमवून एकाच कंटेनरात रचणारा संकलक येथे उपयोगी पडतो. त्याचे भाडे टनावर किंवा घनमीटरावर, ज्याचा आकडा मोठा त्यावर ठरते. समजा, हावड्याच्या कारखान्यातील ओतीव लोखंड १० टन आहे, पण जागा व्यापते अवघी ३ घनमीटर; पिशव्या २० घनमीटर, वजन मात्र ३ टन. कंटेनरात १३ टन वजन व २३ घनमीटर माल गेला, भाडे मिळाले ३० एककांचे! संकलकाचा नफा या मिश्रणात आहे.

मिश्रणालाही मर्यादा आहेत. लोखंड तळाशी, सर्वत्र सारखे पसरून व घट्ट आवळून ठेवावे लागते. भरसमुद्रात सरकलेले वजन शेजारच्या खोक्यांचा चुराडा करते. चहा तर भोवतालचा वास शोषून घेतो. चामड्याशेजारी त्याला जागा देणे म्हणजे तो वाया घालविणेच होय.

सर्वांत नाजूक बाब कागदांची. एका खोक्याच्या कागदपत्रांत खोट निघून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी कंटेनर अडविला, की निर्दोष धन्यांची खोकीही आतच अडकतात. मग लहान जहाज निघून जाते, आणि सिंगापूरला मोठे जहाज त्यांच्यासाठी थांबत नाही.