एक साधी वजाबाकी
(रक्ताचे रिपोर्ट वाचताना : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब पाहिला. आज लिपिड प्रोफाइल. दवाखान्यात सगळ्यात जास्त वेळा माझ्यासमोर येणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जाणारा रिपोर्ट हाच.

मागे एक शिक्षक आले होते. वय ५४. आठ वर्षांपासून मधुमेह, जोडीला बीपीची गोळी. शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी टेबलावर पसरला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. “टोटल १९२ आहे डॉक्टर. दोनशेच्या आत. मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. लॅबनेच शेजारी ‘२०० पेक्षा कमी’ असं छापलं होतं आणि त्या ओळीला तारा नव्हता. मी म्हटलं, “सर, गणित तुम्हीच शिकवता ना? मग आता माझ्यासमोर एक वजाबाकी करा.”

ती वजाबाकी पुढे सांगतो. आधी हे आकडे कशाचे आहेत ते पाहू.

तूप पाण्यात विरघळत नाही, तसंच कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. म्हणून यकृत ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तात सोडतं. या सूक्ष्म गाठोड्यांची नावं म्हणजे व्हीएलडीएल, एलडीएल, एचडीएल. कोलेस्टेरॉल सगळ्यांत तेच. फरक आहे तो गाठोड्यांत. एलडीएलची आणि व्हीएलडीएलपासून उरलेली गाठोडी रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरून अडकतात. तिथे वर्षानुवर्षं सूज राहते, थर साठतो, आणि एक दिवस तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते. आपण ज्याला अटॅक म्हणतो, तो बहुतेक वेळा हा असतो. ट्रायग्लिसराइड म्हणजे साठवणीची चरबी. तीही याच गाठोड्यांतून फिरते.

कधी लॅबमध्ये फिरवून घेतलेल्या रक्ताची नळी पाहायला मिळाली तर पाहा. खाली लाल पेशी बसलेल्या असतात, वर पिवळसर नितळ सीरम असतं. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या माणसाचं सीरम पाणी घातलेल्या दुधासारखं पांढरट दिसतं. तंत्रज्ञ लांबूनही ओळखतो. एलडीएल मात्र दुप्पट झालं तरी सीरम तितकंच नितळ राहतं, कारण ती गाठोडी फार बारीक असतात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. “मान जड होते, चक्कर येते, कोलेस्टेरॉल वाढलं असेल” असं म्हणत लोक येतात. वाढलेलं एलडीएल जाणवत नाही आणि अंगकाठीवरूनही कळत नाही. बारीक माणसाचंही ते २०० असू शकतं. ते फक्त मोजून कळतं.

आता सरांचा कागद. टोटल १९२, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २६०, व्हीएलडीएल ५२, एलडीएल १०६. यातलं एलडीएल लॅबने मोजलेलं नव्हतं. पुष्कळ लॅब ते मोजत नाहीत, काढतात. फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन या तिघांनी १९७२ मध्ये एक सूत्र दिलं : ट्रायग्लिसराइडला पाचाने भागा, ते झालं व्हीएलडीएल; टोटलमधून एचडीएल आणि हे व्हीएलडीएल वजा करा, उरलं ते एलडीएल. पन्नास वर्षं जगभर हे सूत्र चाललं आणि अजून चालतं. पण ट्रायग्लिसराइड वाढत गेलं की तो ‘पाचाने भागा’चा नियम ढिला पडतो आणि एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसू लागतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर सूत्र वापरायचंच नसतं.

आणि आपल्या लोकांचा साचा नेमका हाच आहे. पोट सुटलेलं, साखर वाढलेली, ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, आणि एलडीएल दिसायला बेताचं. अशा माणसात गाठोडी आकाराने लहान आणि संख्येने जास्त असतात. एकूण माल तेवढाच, पण अस्तरात शिरणारी गाठोडी अधिक. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांचं पहिल्या अटॅकचं मध्यक वय ५३ निघालं. इतर देशांत ते ५९ च्या आसपास होतं. म्हणजे घरातला कमावता माणूस सहा वर्षं आधी.

म्हणून ती वजाबाकी. टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा. १९२ वजा ३४, बाकी १५८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. त्रास देणाऱ्या सगळ्या गाठोड्यांतलं कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येतं. सूत्र नको, भागाकार नको, उपास नको. काही लॅब हा आकडा छापतात, काही छापत नाहीत. पण टोटल आणि एचडीएल प्रत्येक रिपोर्टमध्ये असतंच.

१५८ बरं की वाईट? इथे दुसरी अडचण येते. शेजारी छापलेली रेंज सगळ्यांसाठी एकच असते आणि तुमचं लक्ष्य तुमच्या जोखमीवरून ठरतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या हिशेबाने निरोगी, कमी जोखमीच्या माणसाचं एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत असावं. मधुमेह किंवा बीपी असलेल्या, जास्त जोखमीच्या माणसासाठी हे आकडे ७० आणि १००. ज्यांना अटॅक येऊन गेला आहे त्यांच्यासाठी ५५ आणि ८५. दोन्हींत दर वेळी तीसचं अंतर आहे, लक्षात ठेवायला सोपं. सरांचं नॉन-एचडीएल १०० च्या आत हवं होतं, आणि होतं १५८. त्या ओळीवर तारा नव्हता कारण सरांना मधुमेह आहे हे मशीनला माहीत नव्हतं. सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या पेनने कोपऱ्यात ‘१५८’ लिहिलं आणि त्याला गोल केला.

एचडीएलबद्दल थोडंच. ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ या नावाने त्याची नको तेवढी भलावण झाली आहे. ते कमी असणं धोक्याची खूण आहे, हे खरं. पण औषधाने ते वाढवलं की हृदय वाचतं असं दिसलं नाही. टॉरसेट्रापिब नावाच्या गोळीने एचडीएल भरपूर वाढलं, पण ती घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. तेव्हा “माझं चांगलं ६५ आहे, मला काय होतंय” असं म्हणून वाढलेल्या एलडीएलकडे डोळेझाक करू नका.

उपासाबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. पहिल्या तपासणीसाठी बारा तास उपाशी राहण्याची बहुतेकांना गरज नाही. टोटल, एचडीएल आणि नॉन-एचडीएल जेवणाने फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर उपाशीपोटी पुन्हा करावं. इन्शुलिन घेणाऱ्या आजींना सकाळी अकरापर्यंत लॅबच्या बाकावर उपाशी बसवलेलं मी पाहिलं आहे. त्यांची साखर उतरण्याचा धोका कोलेस्टेरॉलच्या धोक्यापेक्षा जवळचा असतो. मोठ्या तापात किंवा अटॅकनंतरच्या काही आठवड्यांत एलडीएल तात्पुरतं खाली येतं, तेव्हाच्या आकड्यावर विसंबू नये. आणि एलडीएल अचानक वाढलेलं दिसलं तर थायरॉइड तपासून घ्यावं.

आता गोळी. यकृताच्या पेशींवर एलडीएलची गाठोडी पकडणारे ग्राहक असतात. हे शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी जपानमध्ये अकिरा एन्डो हे शास्त्रज्ञ सुमारे सहा हजार बुरश्या तपासत होते. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत त्यांना १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन सापडलं. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करतं; मग यकृत गरजेपोटी पेशींवर जास्त ग्राहक उभे करतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. एलडीएल साधारण ४० ने उतरलं की अटॅक, पक्षाघात अशा घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, हे लाखाहून अधिक लोकांच्या चाचण्यांतून दिसलं आहे. वैद्यकात इतका भक्कम पुरावा फार थोड्या औषधांमागे आहे. काहींचे स्नायू दुखतात. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा. डोस किंवा गोळी बदलता येते.

जेवणाचं म्हणाल, तर तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’वर जाऊ नका. कोणत्याच वनस्पती तेलात मोजण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं, शेंगदाण्याच्याही नाही आणि पामच्याही नाही. पाम तेलात संपृक्त चरबी भरपूर असते, आणि ती यकृतावरचे तेच ग्राहक कमी करते. वाढलेलं ट्रायग्लिसराइड उतरवायचं तर साखर, मैदा, पांढरा भात आणि दारू यांवर आधी हात घालावा लागतो, आणि रोज चालावं लागतं.

तीन महिन्यांनी सर पुन्हा आले. टोटल १३८, एचडीएल ३६. वजाबाकी त्यांनी घरूनच करून आणली होती : १०२. “आता आलं ना जवळजवळ? करू का बंद?” बीपीची गोळी घेऊन बीपी नॉर्मल आलं की ती बंद करतो का? हा रिपोर्ट गोळीचा आहे. ती थांबवली तर काही आठवड्यांत १५८ पुन्हा तिथेच येईल. सरांची गोळी चालू आहे.

ज्यांच्या घरात कुणाला पंचावन्नच्या आत अटॅक आला आहे, त्यांनी आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन (ए) ही वेगळी तपासणी करून घ्यावी. ती लिपिड प्रोफाइलमध्ये नसते आणि तिचा आकडा जन्मापासून जवळपास ठरलेला असतो.

आज कपाटातून तुमचा शेवटचा रिपोर्ट काढा. टोटलमधून एचडीएल वजा करा, उत्तर तारखेसह कोपऱ्यात लिहा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा : “माझ्यासाठी हा आकडा किती असायला हवा?”

(पुढच्या आठवड्यात : थायरॉइडचा रिपोर्ट)