मतपत्रिकेवर नाव नसतानाही विजय

गोव्यातून राज्यसभेवर जाणारा सदस्य विधानसभेचे ४० आमदार निवडतात. अमेरिकेत मात्र १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून सिनेटर थेट मतदारच निवडतात आणि राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाला दोन जागा मिळतात. पक्षाने नाकारलेल्या विद्यमान सिनेटरला मतदार पुन्हा निवडून देऊ शकतात का, या प्रश्नाचे उत्तर २०१० मध्ये सुमारे सात लाख लोकसंख्येच्या अलास्का राज्याने दिले.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठी झालेल्या प्राथमिक निवडणुकीत सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांना जो मिलर यांनी पराभूत केले. अपक्ष अर्ज भरण्याची मुदतही उलटून गेली होती. उरली होती ती मतपत्रिकेवरील रिकामी ओळ. तिच्याशेजारचा लंबगोल भरून तेथे पसंतीच्या उमेदवाराचे नाव मतदाराला स्वहस्ते लिहिता येते. अडचण होती ती मर्कोव्स्की यांच्या आडनावाच्या इंग्रजी वर्णलेखनाची. त्यामुळे प्रचारात नाव कसे लिहावे याचेच धडे दिले गेले आणि नाव छापलेल्या मनगटपट्ट्याही वाटण्यात आल्या.

नोव्हेंबरमधील मतदानानंतर मर्कोव्स्की यांना दहा हजारांहून अधिक मतांची आघाडी मिळाली. अशा रीतीने सिनेटची निवडणूक जिंकल्याचे याआधीचे उदाहरण १९५४ मधील, दक्षिण कॅरोलायनातील स्ट्रॉम थर्मंड यांचे होते. मात्र नावाच्या लेखनात एका अक्षराची चूक असली तरी ते मत बाद करावे, असा दावा मिलर यांनी न्यायालयात केला. आक्षेप घेतलेली सर्व मते वगळली, तरीही मर्कोव्स्की दोन हजारांहून अधिक मतांनी पुढेच राहत होत्या. म्हणजे निकाल बदलणार नव्हता. प्रश्न होता तो मतदाराच्या हक्काचा.

अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये तो दावा फेटाळला. अनेक मतदारांची मातृभाषा इंग्रजी नाही, काहींना अपंगत्वामुळे अचूक लिहिता येत नाही. तेव्हा मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर शुद्धलेखनातील चुकीसाठी त्याचे मत नाकारता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

आपल्याकडील मतदानयंत्रावर अशी रिकामी ओळ नाही. २०१३ पासून उपलब्ध असलेल्या ‘नोटा’ने सर्व उमेदवारांना नकार देता येतो, परंतु पक्षांनी डावललेल्या आणि रिंगणात नसलेल्या व्यक्तीचे नाव सुचविण्याची सोय भारतीय मतदाराला नाही.