वर्गणी, हंगाम आणि श्रोता : सिंफनी वाद्यवृंदाच्या कार्यक्रमपत्रिकेचे वाचन

पाश्चात्त्य अभिजात संगीताचे मोठे वाद्यवृंद आपल्या आगामी हंगामाची कार्यक्रमपत्रिका हंगाम सुरू होण्यापूर्वी कित्येक महिने प्रसिद्ध करतात. युरोप-अमेरिकेतील बहुतेक वाद्यवृंदांचा हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होऊन पुढील जूनपर्यंत चालतो. कोणत्या तारखेस कोणती रचना वाजविली जाईल, वृंदाचे संचालन कोण करील, एकलवादक कोण असेल, हे सर्व पत्रिकेत दिलेले असते. ती पाहून श्रोता एखाद्या मैफलीचे तिकीट न घेता मैफलींची एक संपूर्ण मालिकाच विकत घेतो आणि वर्षभरासाठी आपली ठरावीक खुर्ची राखून ठेवतो. या व्यवस्थेस वर्गणीपद्धती असे म्हणता येईल.

वरवर पाहता ही तिकीटविक्रीची एक सोयीची रीत आहे, यापलीकडे तीत काही विशेष दिसत नाही. परंतु संगीताच्या इतिहासाचा विचार करू लागलो म्हणजे या समजुतीत दुरुस्ती करावी लागते. मालिकेची वर्गणी भरणारा श्रोता काही परिचित रचनांबरोबर काही अपरिचित रचनांचेही मूल्य आगाऊ देत असतो. जे त्याने अद्याप ऐकलेले नाही, त्यासाठी तो पैसे मोजतो. म्हणजेच निवड करणाऱ्यांवर विश्वास टाकतो. हा विश्वास कशासाठी वापरला गेला आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः लाइपझिग येथील गेवांटहाउस वाद्यवृंदाच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

१. पूर्वपीठिका

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्गणीच्या संगीतसभा युरोपातील अनेक शहरांत रूढ झाल्या. लंडनमध्ये योहान क्रिस्टियान बाख व कार्ल फ्रीड्रिख आबेल यांनी १७६५ साली अशा सभा सुरू केल्या. पुढे झालोमॉन या व्हायोलिनवादक-व्यवस्थापकाने हायडनला लंडनला आणले. १७९१-९२ आणि १७९४-९५ या दोन मुक्कामांच्या निमित्ताने हायडनने तेथील श्रोत्यांसाठी बारा सिंफनी रचल्या; त्यांतील बहुतेक झालोमॉनच्या सभांत प्रथम वाजविल्या गेल्या. ज्या रचना आज अभिजात म्हणून आपण अभ्यासतो, त्या वर्गणीदारांनी आगाऊ भरलेल्या रकमेच्या आधारावर निर्माण झाल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजू मोझार्टच्या चरित्रात दिसते. १७८४ च्या मार्च महिन्यात त्याने व्हिएन्नात तीन सभांची मालिका योजिली आणि वडिलांना लिहिलेल्या पत्रात १७४ वर्गणीदारांची नावे मोठ्या अभिमानाने कळविली. पाच वर्षांनी, १७८९ मध्ये, त्याने पुन्हा वर्गणीची यादी फिरविली. पंधरवडा उलटल्यावर तीवर एकच नाव होते, बॅरन फान स्वीटन यांचे. या पाच वर्षांत मोझार्टची प्रतिभा क्षीण झाली होती, असे कोणीही म्हणणार नाही. १७८८ च्या उन्हाळ्यात तर त्याने आपल्या शेवटच्या तीन सिंफनी लिहिल्या होत्या. तेव्हा वर्गणीची यादी रचनेची योग्यता मोजीत नाही. एका विशिष्ट समाजाची, एका विशिष्ट वेळी, पुढे येणाऱ्या संगीतावर पैसे लावण्याची तयारी किती आहे, एवढेच ती सांगते. ही सर्व जोखीम एकट्या रचनाकाराच्या शिरावर होती, हेच मोझार्टचे दुर्दैव.

२. लाइपझिगची व्यवस्था

ही जोखीम व्यक्तीकडून संस्थेकडे जाण्याची क्रिया लाइपझिगमध्ये विशेष स्पष्ट दिसते. तेथे राजदरबार नव्हता. ते व्यापाराचे, पुस्तकप्रकाशनाचे व विद्यापीठाचे शहर होते. १७४३ साली तेथील काही सरदार व नागरिक अशा सोळा जणांनी सोळा वादकांच्या साहाय्याने संगीतसभांची एक संस्था सुरू केली. लवकरच या सभा ‘तीन हंस’ नावाच्या खाणावळीत होऊ लागल्या. १७८१ साली कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर सभागृह बांधण्यात आले. गेवांटहाउस या शब्दाचा अर्थच कापडाचे घर असा आहे, आणि वाद्यवृंदास पुढे तेच नाव पडले. त्या सभागृहात सुमारे पाचशे श्रोत्यांची सोय होती आणि खुर्च्या लांब भिंतींना समांतर अशा मांडलेल्या असत. त्यामुळे श्रोते वादकांकडे नव्हे, तर एकमेकांकडे तोंड करून बसत. खरा आनंद ही गंभीर बाब आहे, अशा आशयाचे सेनेकाचे वचन त्या दालनात लिहिलेले होते. एकमेकांकडे पाहणारा समाज आणि त्याच्या डोक्यावरील हे वचन, या दोहोंत वर्गणीदार श्रोत्याचे दुहेरी स्वरूप सामावलेले आहे. तो समाजात दिसण्यासाठी येतो आणि लक्षपूर्वक ऐकण्याचे बंधनही पत्करतो.

१८३५ साली फेलिक्स मेंडेल्सझोन या संस्थेचा संगीतप्रमुख झाला. त्यापूर्वी सिंफनीचे नेतृत्व पहिला व्हायोलिनवादक आपल्या जागेवरून करीत असे. मेंडेल्सझोनने हाती छडी घेऊन संचालन करण्याची प्रथा तेथे रुजविली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने हंगामाकडे एक सलग रचना म्हणून पाहिले. १८३८ मध्ये त्याने ‘ऐतिहासिक’ सभांची मालिका योजून बाख व हेंडेल यांच्यापासून पुढील काळापर्यंत श्रोत्यांना क्रमाक्रमाने नेले. १८३९ च्या मार्चमध्ये शूबर्टची सी मेजरमधील मोठी सिंफनी रचनाकाराच्या मृत्यूनंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर प्रथमच गेवांटहाउसमध्ये वाजविली गेली. तिचे हस्तलिखित शूमानला व्हिएन्नात शूबर्टच्या भावाकडे सापडले होते. तासाभराच्या आसपास चालणारी एका दिवंगत रचनाकाराची अपरिचित कृती सुटी तिकिटे विकून साजरी करणे कठीणच होते. हंगामागून हंगाम नित्य येणारा श्रोतृवर्ग लाइपझिगमध्ये तयार होता, म्हणून ते साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

३. विश्वासाची किंमत

परंतु जो श्रोता नित्य येतो, तोच आपली आवड संस्थेवर लादूही शकतो. १८५९ च्या जानेवारीत तरुण ब्राम्सने आपला डी मायनरमधील पियानो कन्चेर्टो याच सभागृहात वाजविला. त्याचे स्वागत थोड्या टाळ्यांनी आणि पुष्कळ फूत्कारांनी झाले. वर्गणीदारांस त्या रचनेत एकलवादकाचे चमकदार कौशल्य अपेक्षित होते. त्याऐवजी पियानोला वृंदाच्या घडणीत गुंतविणारी एक गंभीर रचना त्यांच्यापुढे आली. पुढे १८७९ च्या पहिल्या दिवशी त्याच ब्राम्सच्या व्हायोलिन कन्चेर्टोचे प्रथम वादन योआखिमने त्याच सभागृहात केले. ज्या दाराने रचनाकार एकदा अपमानित होऊन बाहेर पडला, तेच दार वीस वर्षांनी त्याच्यासाठी उघडे होते. संस्थेच्या सातत्याचा हा लाभ होय.

याच सातत्यातून आणखी एक परिणाम घडला. अठराव्या शतकाच्या अखेरीस गेवांटहाउसच्या कार्यक्रमांत बहुतांश रचना जिवंत रचनाकारांच्या असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिवंगतांच्या रचनांनी बहुमत मिळविले. मेंडेल्सझोनच्या ऐतिहासिक सभांनी भूतकाळ जिवंत केला, हे खरे. पण त्याबरोबरच भूतकाळाला हंगामात कायमची जागाही मिळाली. आज कोणत्याही वाद्यवृंदाची पत्रिका उघडली असता बेथोव्हन, ब्राम्स, चायकोव्हस्की यांची नावे ठळकपणे आढळतात, त्याचे मूळ येथे आहे.

४. हंगामाची घडण

अशा पत्रिकेचे वाचन कसे करावे? एका सायंकाळचा परंपरागत कार्यक्रम तीन भागांचा असतो : प्रारंभी दहा-पंधरा मिनिटांची एखादी छोटी रचना, नंतर एकलवादकासह कन्चेर्टो, आणि मध्यंतरानंतर मोठी सिंफनी. नव्या रचनेची जागा बहुधा प्रारंभी किंवा कन्चेर्टोच्या अलीकडे असते. मध्यंतरानंतर ती ठेवल्यास काही श्रोते घरी जातील, हे नियोजकांस ठाऊक असते. हाच कार्यक्रम निरनिराळ्या मालिकांच्या वर्गणीदारांसाठी दोन-तीन दिवस पुन्हा सादर होतो, म्हणजे एकाच तालमीचा खर्च अनेक सभांवर विभागला जातो. माहलरच्या मोठ्या सिंफनीसाठी जादा वादक बोलवावे लागतात; तेव्हा त्यापुढील आठवड्यात हायडन-मोझार्टचा लहान वृंद योजून तोल साधणे सोयीचे ठरते.

वर्गणीचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका सभागृहात १९०० खुर्च्या आहेत आणि त्यांपैकी १२०० वर्गणीने गेल्या आहेत. बेथोव्हनच्या सभेस उरलेली ७०० तिकिटे सहज खपतील. अपरिचित रचनेच्या सभेस त्यांपैकी २०० च खपली, तरी १४०० श्रोते उपस्थित राहतील. वर्गणीदार मुळीच नसते, तर त्या सभेस कदाचित तीनचारशेच श्रोते आले असते आणि पुढील हंगामात ती रचना कोणी सुचविलीही नसती. परिचित रचना अपरिचित रचनेस आपल्या खांद्यावर घेते, तो हा असा.

या पद्धतीवर एक मूलगामी पर्याय शोनबर्गने १९१८ साली व्हिएन्नात स्थापन केलेल्या खासगी संगीतसभांच्या मंडळाने पुढे ठेवला. तेथे सभासदांना कार्यक्रम आधी सांगितला जात नसे, टाळ्यांना बंदी होती आणि अवघड रचना पुन्हा पुन्हा वाजविल्या जात. सभासदाने रचना पाहून येण्याचे टाळावे, एवढाच त्यातील हेतू. हे मंडळ तीनच वर्षे टिकले. तथापि वर्गणीचे मर्म त्याने शुद्ध स्वरूपात उघड केले.

५. मर्यादा

वर्गणीदारांचा विश्वास सर्व संकटांपासून संगीताचे रक्षण करतो, असे मात्र समजू नये. १९३३ च्या मार्चमध्ये नाझी राजवटीने गेवांटहाउसचा संगीतप्रमुख ब्रूनो वाल्टर याची सभा होऊ दिली नाही. तो ज्यू होता. ज्या मेंडेल्सझोनने ही संस्था घडविली, त्याचा पुतळा १९३६ साली सभागृहासमोरून हटविण्यात आला आणि त्याचे संगीत पत्रिकेतून नाहीसे झाले. खुर्च्या त्याच होत्या, हंगामही चालूच राहिले. संशोधकाने अशा पत्रिकांत काय छापले आहे याबरोबरच काय गाळले आहे, हेही वाचले पाहिजे. १८८४ साली बांधलेले दुसरे सभागृह महायुद्धातील बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले. त्यानंतर सभा इतरत्र होत राहिल्या आणि १९८१ मध्ये तिसरे सभागृह उघडले.

आर्थिक मर्यादा निराळी आहे. बॉमोल व बोएन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, बेथोव्हनची सिंफनी वाजविण्यास पूर्वी जितके हात व जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. अन्य उद्योगांत मात्र उत्पादकता वाढून वेतने वाढत जातात. साहजिकच वाद्यवृंदाचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढतो आणि शासन, नगरपालिका वा दाते यांच्या साहाय्यावाचून तो चालत नाही. त्यातच अलीकडील दशकांत, विशेषतः अमेरिकेत, पूर्ण हंगामाची वर्गणी भरणारे कमी होऊन आयत्या वेळी एकेक तिकीट घेणारे वाढले आहेत. यात श्रोत्यास स्वातंत्र्य मिळते, हे मान्य केले पाहिजे. परंतु वर सांगितलेले गणित त्यामुळे मोडते. प्रत्येक सायंकाळला स्वतःचा खर्च स्वतः भागवावा लागला, तर पहिला बळी अपरिचित रचनेचा जातो.

६. उपसंहार

हा प्रश्न आपणांस सर्वस्वी परका नाही. मुंबईत १९३५ साली मेहली मेहता यांच्या पुढाकाराने बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता यांनी १९७८ ते १९९१ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसारख्या वर्गणीदारांच्या जुन्या वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. २००६ साली नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स येथे सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाल्यापासून हंगाम ही कल्पना मुंबईकर श्रोत्यांच्याही परिचयाची झाली आहे.

शिवाय सभासदांच्या वर्गणीवर मैफली करण्याची आपली स्वतःची परंपरा आहे. पुण्याचा १८७४ सालचा गायन समाज आणि नंतर गावोगावी निघालेली म्युझिक सर्कले ही तिची उदाहरणे. दोहोंतील भेद उद्बोधक आहे. लाइपझिगच्या वर्गणीदारास रचना आधी ठाऊक असते. आपल्या सर्कलच्या सभासदास कलावंत ठाऊक असतो, राग त्या सायंकाळी कळतो. तेथे विश्वास नियोजकाच्या विवेकावर असतो, येथे गायकाच्या त्या क्षणीच्या विवेकावर. दोन्हीकडे श्रोता ऐकण्यापूर्वीच आपला वाटा देऊन बसलेला असतो.

म्हणून पुढील हंगामाची पत्रिका हाती आल्यावर अभ्यासकाने केवळ मोठ्या नावांवर नजर फिरवून थांबू नये. नवी रचना कोणती, ती कोणाच्या शेजारी ठेवली आहे, तिचे वादन किती वेळा होणार आहे, आणि गेल्या हंगामातील नव्या रचनांपैकी एखादी पुन्हा आली आहे काय, हे चार प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे नोंदवून चारदोन दशकांच्या पत्रिका शेजारी शेजारी मांडल्या, तर त्या शहराने कोणत्या संगीतावर विश्वास टाकला आणि तो कोठे आवरता घेतला, याचा आलेख आपोआप तयार होईल.