पहिल्या पगाराची पंचवीस वर्षे : भडगाव तालुक्याच्या निमित्ताने

गिरणाकाठच्या भडगाव तालुक्याचा संसार मुख्यतः कापूस आणि केळी यांवर चालत आल्यामुळे तेथील पदवीधराची पहिली नोकरी बहुधा शाळेत नाही तर सरकारी कार्यालयातच शोधली गेली. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि तोवर पुणे विद्यापीठाकडे पाहणाऱ्या खानदेशातील महाविद्यालयांची पदवी घराजवळ आली. नोकरी मात्र तितकी जवळ आली नाही.

२००० साली राज्याने शिक्षणसेवक योजना आणली. तिच्यानुसार नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी न देता दरमहा ठरावीक मानधन दिले जाते आणि ही मुदत समाधानकारक पार पडल्यावरच त्याला नियमित वेतनावर घेतले जाते. वेतनाला महागाई भत्ता जोडलेला असल्याने बाजारभाव चढले की तेही काही अंशी वाढते. मानधनाचा आकडा मात्र शासन नवा निर्णय काढीपर्यंत आहे तिथेच राहतो, आणि या योजनेचे खरे दुखणे याच रचनेत होते. प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळांसाठी ६,०००, माध्यमिकसाठी ८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी ९,००० रुपये हे दर एकदा ठरले, ते २०२२ अखेरपर्यंत हलले नाहीत.

याच काळात रोजगार हमीची मजुरी दरवर्षी सुधारत गेल्यामुळे दोहोंची तुलना उद्बोधक ठरते. २०१२-१३ मध्ये महाराष्ट्रात हा दर दिवसाला १४५ रुपये होता, म्हणजे महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,७७० रुपये, आणि ६,००० रुपये घेणारा शिक्षणसेवक त्याच्या दीडपटीहून पुढे होता. २०२२-२३ मध्ये दर २५६ रुपयांवर गेला, त्याच हिशेबाने मजुरी ६,६५६ रुपये झाली आणि सहावी ते आठवीला शिकवणारा पदवीधर शिक्षणसेवक मजुराच्या मागे पडला. मजुराला मिळालेली वाढ रास्तच होती. अन्याय झाला तो ज्याचा आकडा दशकभर कोणी उघडून पाहिला नाही त्याच्यावर.

हे तुटपुंजे मानधनही सहज मिळत नव्हते, कारण मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली आणि अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे भरतीसाठी गुणवत्ता ठरवणारी राज्यव्यापी परीक्षा, प्रथम डिसेंबर २०१७ मध्येच झाली. मधल्या वर्षांत डी.एड., बी.एड. झालेल्यांपैकी अनेकांनी अनुदान येईल या आशेवर विनाअनुदानित, म्हणजे शासनाकडून पगारासाठी पैसा न मिळणाऱ्या, शाळांत नाममात्र रकमेवर उमेदीची वर्षे घालवली, आणि या कालखंडातील सर्वांत मोठे नुकसान हेच म्हणावे लागेल.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे मानधन अपुरे ठरवल्यानंतर १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये झाले. त्यानंतरच्याच वर्षी आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने शासकीय कार्यालयांत व खासगी आस्थापनांत शिकाऊ म्हणून रुजू होणाऱ्या पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन देऊ केले. तिची मुदत आधी सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिन्यांची झाली. परंतु मुदत सरल्यावर प्रशिक्षणार्थ्याला त्या कार्यालयातील पदावर कोणताही हक्क सांगता येत नाही.