ज्याचें दुखणें, त्याचा सल्ला

शाळामास्तर या नात्यानें मीं जन्मभर मुलांना प्रश्न विचारले. परंतु त्यांना कोणता प्रश्न पडला आहे, हें क्वचितच विचारलें. आरोग्य-संशोधनांतही हीच चूक घडते.

डॉ. अभय व राणी बंग या दांपत्यानें १९८६ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत कार्यारंभ केला. प्रथम त्यांनीं सिकलसेल या रक्तविकाराचा शोध घेतला. शोध शास्त्रशुद्ध होता; पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाहीं. तेव्हां त्यांनीं लोकांनाच विचारण्याचा मार्ग धरला. आदिवासींच्या आरोग्य-संसदेंत गांवकऱ्यांनीं हिंवतापाकडे बोट दाखविलें. रुग्णालयाविषयींही त्यांचें मत घेतलें. मोठ्या इमारतीची त्यांना भीति वाटे. म्हणून झोपड्यांसारख्या खोल्या बांधल्या, नातलगांची सोय केली आणि रुग्णालयास दंतेश्वरी देवीचें नांव दिलें.

औषधाची मात्रा वैद्यानेंच ठरवावी; परंतु दुखणें कोठें सलतें, हें रोगीच सांगूं शकतो. रुग्णाच्या उशाशीं बसणाऱ्या परिचारिकेस हें नित्य अनुभवास येतें. म्हणून लोकांतील सल्लागार आरंभींच बोलवावे. प्रश्नावली छापून झाल्यावर मान डोलविण्यापुरतें बोलावणें, हा सल्ला नव्हे. तो केवळ उपचार होय.