शस्त्रक्रियागृहातील नवपरिचारिका व विद्यार्थिनींचे मार्गदर्शन : छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

परिचर्या हा व्यवसाय ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती या तिन्हींवर उभा आहे. यांपैकी ज्ञान वर्गात देता येते, परंतु कौशल्य आणि वृत्ती यांची जडणघडण प्रत्यक्ष कार्यस्थळीच होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्या विद्यालय सुरू केले, तेव्हापासून रुग्णालय हीच परिचारिकेची प्रयोगशाळा मानली गेली आहे. या प्रयोगशाळेतील सर्वांत कठीण दालन म्हणजे शस्त्रक्रियागृह होय. वॉर्डात झालेली चूक अनेकदा दुरुस्त करण्यास अवधी मिळतो, शस्त्रक्रियागृहात तो क्वचितच मिळतो. म्हणूनच तेथे प्रथम पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थिनीला आणि नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला कोण, कसे आणि किती काळ मार्गदर्शन करते, हा प्रश्न रुग्णाच्या सुरक्षिततेशी थेट जोडलेला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद, या शहराच्या संदर्भात केला आहे. लेखातील परिचारिका ही संज्ञा या व्यवसायातील पुरुष परिचारकांनाही लागू आहे.

स्थानिक पार्श्वभूमी :

निजामाच्या हैदराबाद संस्थानातून 1948 मध्ये मुक्त झालेला मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबाद येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली. त्याचे रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘घाटी’ या नावानेच रूढ आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या विदर्भ-खानदेशातूनही रुग्ण येथे पाठविले जातात. पुढील काळात एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, डॉ. हेडगेवार रुग्णालय, कमलनयन बजाज रुग्णालय अशा संस्थांमुळे शहर मराठवाड्याचे वैद्यकीय केंद्र बनले. साहजिकच परिचर्या शिक्षणाचाही येथे विस्तार झाला.

अध्यापन रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे एकाच टेबलाभोवती अनेक प्रकारचे शिकणारे उभे असतात. पदव्युत्तर निवासी डॉक्टर शस्त्रक्रिया शिकत असतात, भूलशास्त्राचे निवासी भूल देणे शिकत असतात, आंतरवासिता करणारे निरीक्षण करीत असतात. या सर्वांत परिचर्येची विद्यार्थिनी बहुधा सर्वांत मागे, भिंतीलगत उभी असते. तिला शिकविणे हे नेमके कोणाचे काम, हे मात्र सहसा स्पष्ट नसते.

शिकविणारे कोण? :

शासकीय रचनेत परिचर्या विद्यालयातील अध्यापन पाठ्यनिर्देशिकेकडे, तर कक्षाचे व्यवस्थापन परिसेविकेकडे असते. दैनंदिन शुश्रूषेचे काम अधिपरिचारिका करतात आणि सर्वांवर अधिसेविकेचे नियंत्रण असते. अध्यापक आणि विद्यार्थिनी यांचे प्रमाण कागदावर योग्य असले, तरी निर्जंतुक क्षेत्राभोवती गर्दी चालत नसल्याने विद्यार्थिनी दोन-दोन, तीन-तीन अशा वेगवेगळ्या टेबलांवर विभागल्या जातात. एक पाठ्यनिर्देशिका त्या सर्व टेबलांवर एकाच वेळी उपस्थित राहू शकत नाही. परिणामी प्रत्यक्ष शिक्षणाची जबाबदारी ओटी इन्चार्ज सिस्टर आणि त्या दिवशी स्क्रब झालेली अधिपरिचारिका यांच्यावर येऊन पडते. त्यांच्या कामाच्या मोजदादीत किती शस्त्रक्रिया पार पडल्या, किती ड्रम निर्जंतुक झाले हे येते. किती जणींना शिकविले हे येत नाही. मार्गदर्शनाच्या गुणवत्तेतील चढउताराचे मूळ व्यक्तींच्या स्वभावापेक्षा या व्यवस्थेत अधिक आहे.

कौशल्याच्या पायऱ्या :

अमेरिकेतील परिचर्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचारिकेच्या विकासाच्या पाच अवस्था मांडल्या : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. त्यांच्या मते एकाच प्रकारच्या कामात सुमारे दोन ते तीन वर्षे घालविल्यानंतर सक्षमता येते. नवशिकीला नियम हवे असतात, तर तज्ज्ञ परिचारिका परिस्थितीचे संपूर्ण चित्र एका दृष्टिक्षेपात ओळखते. तिला आपण कसे ओळखले हे शब्दांत सांगणे पुष्कळदा कठीण जाते. शल्यचिकित्सकाने हात पुढे करण्यापूर्वीच योग्य आर्टरी फोर्सेप्स हाती देणारी अनुभवी सिस्टर नवशिकीला ‘बघून शिक’ असे सांगते, याचे कारण बहुधा हेच असते. त्यात अनास्था असतेच असे नाही. मार्गदर्शनासाठी तज्ज्ञतेइतकीच, तज्ज्ञता पायरीपायरीने उलगडून सांगण्याची तयारी आवश्यक ठरते.

या दृष्टीने पुढील क्रम उपयुक्त ठरतो. आरंभी विद्यार्थिनीने केवळ निरीक्षण करावे. निर्जंतुक आणि अनिर्जंतुक क्षेत्रांतील सीमा ओळखावी. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसला 15 पौंड दाब का ठेवतात आणि निर्देशक पट्टीचा रंग बदलला नसेल तर ड्रम का वापरू नये, हे तिने त्याच ठिकाणी समजून घ्यावे. दुसऱ्या टप्प्यात तिने सर्क्युलेटिंग परिचारिकेबरोबर काम करावे. तिसऱ्या टप्प्यात अनुभवी स्क्रब परिचारिकेसोबत दुसरी म्हणून स्क्रब व्हावे. त्यानंतरच हर्निया, हायड्रोसील यांसारख्या नियोजित शस्त्रक्रियांसाठी तिने स्वतः ट्रॉली लावावी, तीही मार्गदर्शिका जवळ असताना. भारतीय परिचर्या परिषदेने शस्त्रक्रियागृह परिचर्येसाठी एक वर्षाचा स्वतंत्र पदविकोत्तर अभ्यासक्रम आखला आहे, यावरूनच हे कौशल्य काही आठवड्यांच्या पाळीत पूर्ण होणारे नाही हे स्पष्ट होते.

गणना : मार्गदर्शनाची खरी कसोटी :

गॉज, मॉप, सुया आणि उपकरणे यांची गणना शस्त्रक्रियेपूर्वी, पोकळी बंद करण्यापूर्वी आणि त्वचा शिवण्यापूर्वी केली जाते. गणना न जुळल्यास शिवणे थांबवावे, पुन्हा मोजावे, क्षेत्र, जमीन व बादल्या तपासाव्यात आणि तरीही न सापडल्यास क्ष-किरण चित्र घ्यावे, असा संकेत आहे. हा नियम कोणतीही विद्यार्थिनी परीक्षेत बिनचूक लिहिते. अडचण वेगळीच आहे.

अशी परिस्थिती कल्पावी. रात्रीचे दोन वाजले आहेत. अपघातातील रुग्णाचे पोट उघडलेले आहे, रक्तदाब घसरत आहे, भूलतज्ज्ञ लवकर आटोपण्यास सांगत आहेत. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला एक मॉप कमी भरतो. तिची स्वतःचीच मोजण्यात चूक झाली असेल काय, अशी शंका तिला येते. ‘सर, थांबा, एक मॉप कमी आहे’ हे शब्द त्या क्षणी उच्चारणे तिला शक्य होईल काय? अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आपत्कालीन शस्त्रक्रियेत शरीरात वस्तू राहून जाण्याची शक्यता जवळजवळ नऊपट, तर शस्त्रक्रियेच्या स्वरूपात ऐनवेळी बदल झाल्यास सुमारे चौपट आढळली. विशेष म्हणजे जेथे गणना झाली होती, तेथील बहुतेक प्रकरणांत ती ‘बरोबर’ असल्याची नोंद होती. म्हणजेच धोका सर्वाधिक असतो त्याच वेळी गणनेवर ताण येतो, आणि रात्रपाळीत अनुभवी मार्गदर्शिका जवळ असण्याची शक्यताही कमी असते.

या अभ्यासाचे प्रमुख लेखक अतुल गावंडे यांचे पितृगाव यवतमाळ जिल्ह्यातील उटी हे होय. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने 19 मुद्द्यांची शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी-सूची तयार केली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांमध्ये तिचा वापर केल्यानंतर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे जानेवारी 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. या सूचीत छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व भूमिका सांगावी असा एक मुद्दा आहे. वरकरणी तो औपचारिक वाटतो. परंतु जिने एकदा स्वतःचे नाव सर्वांसमोर उच्चारले, तिला पुढे शंका बोलून दाखविणे सोपे जाते, हा त्यामागील विचार आहे. याउलट कॅनडातील ओंटारियो प्रांतातील 101 रुग्णालयांच्या 2014 मधील अभ्यासात सूची लागू केल्यानंतर मृत्युदरात लक्षणीय घट आढळली नाही. सूचीचा कागद सर्वत्र पोहोचविता येतो. तो अर्थपूर्ण करणारी कार्यसंस्कृती मात्र घडवावी लागते, असा बोध या दोन अभ्यासांतून घेता येतो.

मार्गदर्शिकेची भूमिका :

मार्लिन क्रेमर यांनी 1974 मध्ये नवपरिचारिकेच्या ‘वास्तवाच्या धक्क्या’चे विवेचन केले. वर्गात शिकलेले आदर्श आणि कामावरील वास्तव यांतील अंतर पाहून अनेक जणी हताश होतात. शस्त्रक्रियागृहात सर्वांसमोर झालेली कानउघाडणी हा धक्का अधिक तीव्र करते. हातमोजा दूषित झाल्यास मार्गदर्शिकेने तत्काळ थांबविलेच पाहिजे; परंतु कारणमीमांसा शस्त्रक्रियेनंतर, एकांतात, पाच मिनिटांत करता येते. ‘माझा हात लागला’ असे स्वतःहून सांगणाऱ्या विद्यार्थिनीला रागावले गेले, तर पुढील वेळी ती लपवील. सुई टोचल्याची घटनाही याच भीतीपोटी दडविली जाते. एचआयव्ही संसर्गाच्या संभाव्य संपर्कानंतरचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. येथे मौनाची किंमत स्वतः विद्यार्थिनीला मोजावी लागते.

निष्कर्ष व सूचना :

1. शस्त्रक्रियागृहातील अध्यापन ज्या अधिपरिचारिका प्रत्यक्षात करतात, त्यांना मार्गदर्शिका म्हणून नेमून त्या कामाची नोंद सेवापुस्तकात व्हावी आणि त्यासाठी कामाचे तास राखून ठेवावेत.

2. परिचर्या महाविद्यालय आणि रुग्णालय यांनी विद्यार्थिनीच्या प्रगतीची एकच नोंदवही ठेवावी, म्हणजे पाठ्यनिर्देशिका व परिसेविका यांचे मूल्यमापन परस्परपूरक ठरेल.

3. नवपरिचारिकेची सुरुवातीच्या काळात एकटीने रात्रपाळी लावू नये.

4. गणना न जुळण्याच्या प्रसंगाचा सराव शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांच्यासह करावा. ‘थांबा’ हा शब्द ऐकण्याचा सराव वरिष्ठांनाही हवा.

5. प्रशिक्षित शस्त्रक्रियागृह परिचारिकांच्या अंतर्गत बदल्या करताना सक्षमता येण्यास लागणारा काळ विचारात घ्यावा.

ज्या ज्या विद्याशाखांत विद्यार्थी महाविद्यालयाबाहेरील कार्यस्थळी प्रशिक्षण घेतात, तेथे प्रत्यक्ष शिकविणाऱ्याला शिक्षक म्हणून मान्यता नसणे ही समस्या कमीअधिक प्रमाणात आढळते. शस्त्रक्रियागृहात तिचा परिणाम टेबलावर बेशुद्धावस्थेत असलेल्या रुग्णाला भोगावा लागतो, आणि त्याच्या वतीने बोलू शकणारी व्यक्ती अनेकदा तेथील सर्वांत कनिष्ठ परिचारिकाच असते. तिला बोलण्याइतके ज्ञान आणि धैर्य देणे हे मार्गदर्शनाचे मुख्य प्रयोजन मानले जावे.